मागच्या फळीवर किती घोडे

द्वारकेजवळच्या दुकानात हकीमुद्दीनशेठनं
पहिला प्रश्न विचारला तो पैशांचा नव्हता.
"होडीला आधी काय होतं?"
लहानू म्हणाला, "वल्हं."
मी म्हणाले, "अण्णा."

शेठ हसले नाहीत.
पाण्याचे पंप बाजूला सारून त्यांनी तीन मोटारी दाखवल्या,
लाकडी घोडीवर टांगलेल्या:
पाच, आठ आणि पंधरा हॉर्सपॉवर.
लहानूचा हात पंधरावर गेला.
आमच्या घरातल्या बाप्यांचा हात
बाजारात नेहमी तिथंच जातो.

होडी केवढी? सोळा फूट, फायबरची.
मागची फळी? माझ्या गुडघ्याला लागते.
माणसं दोन, जाळं, बर्फाची पेटी,
कटला लागला तर साठ किलो,
नाहीतर चिलापी आणि शिव्या.
शेठनं पंधराच्या टोपीवर टिचकी मारली.
"ही छप्पन्न किलोची. घरी जा,
एवढ्या वजनाचं माणूस मागे बसवा,
मग या."

रविवारी दारणेच्या धरणावर
रेशन दुकानातला काटा आणून आम्ही घर मोजलं.
सुमनवहिनी, पंधरा हॉर्सपॉवर,
नऊवारी सावरत मागच्या फळीशी बसली
आणि होडीनं नाक वर केलं,
वास लागलेल्या कुत्र्यासारखं.
पाणी फळीच्या काठाशी आलं, चार बोटं उरली.
"मी विकत घेण्याजोगी नाही," वहिनी म्हणाली,
आणि उतरताना अर्धी होडी भरून गेली.

मग चिमी, पाच हॉर्सपॉवर, सव्वीस किलो.
पाण्याला कळलंसुद्धा नाही.
"बघ, हीच घे, पेट्रोलही कमी पिईल," मी म्हणाले.

तेव्हा बांधावर दम खात बसलेले अण्णा
दोन दिवसांत पहिल्यांदा बोलले.
"माप येतानाचं घ्या.
जाताना काय, रिकामं असतं, वारा पाठीशी.
तीन वाजता घाटाकडून तो तोंडावर येतो,
जाळं ओलं म्हणजे दुप्पट,
आणि मासा मेला तरी वजन जगतं."
एवढं बोलून त्यांनी पंप तोंडात धरला,
दम्याचा.

म्हणून निखिलला बसवलं, सातवीतला, एकोणचाळीस किलो.
पुढे ओलं जाळं, मध्ये दगड भरलेली पेटी,
लहानू आणि मी.
होडी सपाट राहिली.
निखिल कंटाळून पाण्यात पाय हलवू लागला
तर आम्ही ओरडलो, "मोटार, गप बस!"
तेव्हापासून त्याचं नाव आठ.

सोमवारी शेठनं आठची पावती फाडली,
पंख्याच्या चार पिना फुकट दिल्या.
"उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडलेली खोडं वर येतात.
तिथं पिन तुटू दे, पंखा नको."
लहानूनं जाताजाता विचारलं,
"माणूस किती हॉर्सपॉवरचा असतो हो?"
शेठनं चष्मा पुसला.
"दिवसभर चालवायचा, तर एक दशांश. तोही जेवलेला."

एसटीत मी हिशोब केला.
आठला ऐंशी अण्णा.
ऐंशी अण्णा, ऐंशी बंड्या, ऐंशी खोकले,
सोळा फुटांत कुठं बसवणार होतो?
आणि एकटा अण्णा चाळीस वर्षं
कटला घेऊन वाऱ्यासमोरून आला,
कधी सहाला, कधी नऊला,
एकदा दुसऱ्या दिवशी.

तिसऱ्या ओढीला मोटार लागली.
बगळे उठले. लहानूनं दोन्ही हात वर केले.
अण्णा म्हणाले, "आवाज फार,"
आणि घराकडे वळले.

सकाळी होडीत पाहिलं
तर वल्हं वीतभर कापलेलं,
कड कानशीनं घासून गुळगुळीत,
मोटारीच्या बाजूला बरोबर मावेल असं.
ताज्या भुशातला थोडा
अजून फळीवर होता.
मी तो हातानं पुसला नाही,
पेट्रोलचा डबा जरा सरकवून ठेवला.