पाणसळ

पुरानंतर वखारभागातल्या घराचं पोर्च पुन्हा केलं
तेव्हा मीच दस्तगीर मिस्त्रीला सांगितलं,
उतार दे चांगला, बोळाकडं.
पाणी थांबता कामा नये.
त्यानं दिला. बादली ओतून दाखवली,
पाणी मागं न बघता बाहेर.

आज त्याच फरशीवर लाल जॅक,
जॅकवर बुलेट, दोन्ही चाकं अधांतरी,
आणि खाली उताणी पडलेली आमची शर्वाणी,
एका हट्टी नटाशी झटत.

मी पाना हातात धरून उभा.
ती जोर लावते
आणि जॅक सरकतो.
सूतभर.

'बाहेर ये.'
'पप्पा, लॉक लावलाय.'
'जॅकला लावलायस. जमिनीला नाही.'

आली. कपाळाला ग्रीस.
काही न बोलता पाणसळ ठेवली फरशीवर.
बुडबुडा पळाला घराकडं,
म्हणजे वजन सगळं
बोळाकडं निघालेलं.

मग गाडी उतरवली.
प्लायचा तुकडा, खाली दोन पट्ट्या, पाचर,
बुडबुडा मधोमध येईपर्यंत.
गाडी पुन्हा चढवली,
हँडल चऱ्हाटानं खांबाला, दोन्हीकडून.
सीटला धरून मी गदागदा हलवली.
'बास,' ती म्हणाली, 'पाडाल.'
आणि गेली परत खाली.

दस्तगीरला फोन केला :
कोपऱ्यात सात बाय चार सपाट करून दे.
तो म्हणाला, पाणी थांबेल की तिथं.
म्हटलं, थांबू दे.
पुसून घेईन.