किमान

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी परीक्षानळ्या धुवायचो.
शिकवलं कधीच नाही, तरी गंगावेशीत सगळे मला सर म्हणतात,
कारण माझ्याकडे वही आहे.
पहाटे साडेपाचला मागच्या भिंतीवरचा पारा बघायचा,
आकडा लिहायचा. पुढे शब्द नाही.
आई गेली त्या दिवशीही तेवढंच:
तेरा पूर्णांक चार.

परवा रात्री दूध कट्ट्यावर विषय निघाला.
मार्गशीर्ष सरत आलेला आणि हिंदुराव बनियनवर.
"थंडी गेली कुठं?"
उसनं नेलेलं पातेलं परत आलं नाही
अशा आवाजात कुणीतरी म्हणालं.

हिंदुराव म्हणाला, रस्ता रुंद करताना वड पाडले,
थंडी तितंच उतरायची.
अण्णाप्पा मगदूम म्हणाले, झाडाचं काय घेऊन बसलाय,
बारा महिने उसाला पाणी, सगळं शिवार ओलं,
थंडीला पाय ठेवायला कोरडी जागा नको?
बंडा चौगले आधीच चिडला,
पुढचं बोट गुऱ्हाळाच्या चुलवाणाकडं वळणार हे ठाऊक असल्यागत.
"समुद्रात कायतरी बिनसलंय. रातभर ढग.
आन् भोगतंय कोण? यंदा ढेप धरंना.
रवा न्हाई. कापडाला चिकटून येतोय गूळ."
मोटारसायकलवरचा पोरगा म्हणाला, सगळं जगच तापलंय काका.
"जगाचं ऱ्हाऊ दे," हिंदुराव म्हणाला, "गंगावेशीचं सांग."

मग सगळे माझ्याकडे वळले.
वही काय म्हणते, सर?

वही म्हणते:
पहिल्या दहा वर्षांत बाराच्या खाली एकतीस पहाटा.
गेल्या दहा वर्षांत दोन.

कट्टा गप्प. म्हैस तेवढी शेपूट हलवत राहिली.

बोललो नाही ते असं:
सहा वर्षांपूर्वी शेजारच्या शिंत्र्यांनी एसी बसवला.
त्याचा डबा माझ्या पाऱ्यापासून हातभर.
पारा हलवला तर आधीचं नंतरच्याशी जुळायचं नाही,
नाही हलवला तरी जुळत नाहीच.
आणि डिसेंबरातही एसी चालू असतो,
हा पुरावा आता कुठल्या बाजूनं धरायचा?

उठताना दस्तगीर नदाफ सोबत आला.
गाद्या-रजयांचं दुकान, तिसरी पिढी.
"माझ्याकडं पण एक वही हाय, सर."
पत्र्याच्या पेटीतून काढली.
आधी वडिलांचं अक्षर, मग त्याचं.
एका रजईला कापूस: पाच किलो. पाच. साडेचार.
चार, चार, साडेतीन.
मग पानंच्या पानं अडीच.
"गिऱ्हाईकच सांगतंय, हलकी भरा.
ह्या वहीला कुणाच्या एसीचा वारा लागत न्हाई."

मी उतरवून घ्यायला पेन काढलं.
कळलं कसं ह्याला, तेही विचारलं नाही.

"पर थांबा," तो म्हणाला.
"पानिपतची ब्लँकेटं ह्याच सालांत आली.
खापऱ्या जाऊन स्लॅब पडले.
कापूस थंडीनं घटला का ब्लँकेटानं,
मला काय म्हाईत?"
दोन वह्या, एक पिवळा बल्ब,
आणि नाकात कापसाची धूळ.
बराच वेळ आम्ही दोघं शिंकत होतो.

काल पहाटे अकरा.
खरंच अकरा, एसीसकट.
रात्री हिंदुराव कानटोपी घालून हजर:
"गेली म्हणत हुता न्हवं? घ्या!"
सगळे हसले, मीही हसलो,
ग्लास दोन्ही हातांत धरून.

येताना दस्तगीरच्या पायरीवर थांबलो.
एक रजई भर म्हणालो. पाच किलोची.
त्यानं चष्म्यावरून बघितलं.
"उकडंल, सर."
"भर."

त्यानं वही उघडली, माझं नाव घातलं,
पुढे पाच.
यंदाच्या सालात त्याची वही
माझ्यामुळं थोडी खोटी बोलेल.