बारावी चौकट कोरी

दर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात
आर्नल्ड गार्बट दुकानात येतो.
दाराबाहेर बुटांचा चिखल झटकतो, मग घंटा वाजते,
मग काउंटरवर एकच रोल,
बारा फोटोंचा, खिशातल्या पेपरमिंटचा वास लागलेला.
"घाई नाही," म्हणतो.
दरवर्षी तेवढंच.

औषधांच्या दुकानामागे, सात पायऱ्या उतरून,
माझी अंधारखोली. पूर्वी तिथं
खोकल्याच्या बाटल्यांचे क्रेट असत.
यॉर्कशरच्या या कडेला फिल्म धुणारी मी बहुतेक शेवटची,
त्यामुळे लोकांची लग्नं, कुत्री, नव्या गाड्या
मला आधी दिसतात, त्यांना नंतर.

गार्बटचे बारा मी न बघता सांगेन:
चार दीपगृहाचे, चार जंगलाचे,
चार जुन्या धान्यबाजाराचे.

पहिल्या वर्षी दीपगृहापुढे शेत होतं.
बार्लीची धसकटं, तारेचं कुंपण.
पुढे कुंपण गेलं.
मग पायवाट. मग ते बाक,
ज्यावर कुणा एथेलच्या नावाची पितळी पट्टी होती
(मी भिंगातून वाचली होती).
मातीचा कडा, समुद्र दर हिवाळ्यात दोन पावलं खातो.
दीपगृह मात्र तिथंच,
पंगत उठून गेल्यावरही
पानावर बसून राहिलेल्या माणसासारखं.

एकदा मी आगाऊपणा केला. म्हटलं,
"जरा डावीकडून घ्या ना, उजेड बरा पडेल."
म्हणाला, "डावीकडे जागा होती.
तीन वर्षं झाली, पाण्यात आहे."
आणि सुट्टे पैसे मोजत राहिला.

जंगलाचे चार हट्टानं कृष्णधवल.
तो सगळा तांबूस-पिवळा थाट,
ज्यासाठी लोक लीड्सहून गाड्या काढून येतात,
याच्याकडे राखाडी.
पण ट्रेमध्ये कागद हलवताना
ओकांची काळी खोडं आधी उमटतात,
पानं मागाहून, अंग चोरत,
आणि मला दर वेळी वाटतं,
रंग याला दिसतो, चारचौघांत काढायचा नाही इतकंच.

धान्यबाजाराच्या घुमटाखाली
त्याचा बाप तळहातावर गहू घेऊन भाव करायचा.
नंतर तिथं गालिचे विकले. नंतर स्नूकर.
आता समोर पत्रा ठोकलाय: आलिशान फ्लॅट, लवकरच.
तो पत्रा चारही फोटोंत पुरता आलाय.
टाळायचा असता तर टाळता आला असता.

या वर्षी बारावी चौकट कोरी निघाली.
मी फिल्म उजेडात धरली, मागे मोजत गेले.
चौथीपाशी घोळ होता:
फिल्म पुढे सरकवायची राहिली,
ब्याऐंशीव्या वर्षी बोटांचं काय चुकलं म्हणायचं,
आणि दीपगृहावर जंगल येऊन बसलं.

लाल दिव्याखाली मी हात ओले ठेवून उभी.
लाटांचा मागमूस नाही.
दीपगृह ओकांच्या मधोमध,
त्याच्या कठड्यावर बर्चची पानं,
पायाशी सुकी, भुसभुशीत,
कुठंही न जाणारी जमीन.
समुद्र तिथून चौदा मैल.

तो आला. चष्मा कपाळावर चढवून पाहिलं.
"हा वाया गेला," म्हणाला. "टाकून दे."
मी अकराचे पैसे घेतले, पावती दिली.
घंटा वाजली. पण दार लागेना.
टोपी हातात घेऊन तो उंबऱ्यावरच उभा,
पेपरमिंट या गालातून त्या गालात.
"तो चौथा," म्हणाला, "मोठा करून मिळेल?"
"केवढा?"
त्यानं दोन्ही हात पसरले,
काउंटरच्या रुंदीएवढे, मग जरा आत घेतले,
मग पुन्हा थोडे बाहेर.