रंगानं रंग उतरत नाही

पहिले तीन आठवडे नेरीनानं मला ब्रशला हात लावू दिला नाही.
टॉवेल पिळ, फॉइल काप, वाट्या घास,
आणि वेळ उरलाच तर दारात उभी राहून माणसं बघ.
"दिव्याखाली केस खोटं बोलतात," ती म्हणायची,
"उजेड दारातला घ्यावा."

त्रिएस्तेत बोरा वारा सुटला की टोप्या उडत
आणि शहराची मुळं उघडी पडत:
पाववालीचं दोन बोटं पांढरं,
वकिलाच्या कानामागे राहून गेलेला तांबूस डाग.
मी अंदाज सांगे. चार. सहा. नाही, साडेपाच.
"ढग जाऊ दे," ती म्हणे, "मग पुन्हा सांग."

कड्याला अडकवलेल्या केसांच्या बटा, एक ते दहा.
एक म्हणजे काळा.
दहा म्हणजे केळ्याच्या सालीची आतली बाजू.
काळ्यातून वर चढताना केस आधी लाल होतो,
मग नारिंगी, मग बलकासारखा पिवळा;
ह्यातली एकही पायरी उडी मारून ओलांडता येत नाही.
निळा नारिंगीला गप्प बसवतो, जांभळा पिवळ्याला.
गप्प बसवतो, घालवत नाही.
मुळांना शेवटी लाव, डोक्याची ऊब घाई करते.
हे सगळं मी वहीत उतरवलं.
वहीवर पेरॉक्साइड सांडलं.
तेवढ्या ओळी आता वाचता येत नाहीत,
पण त्याच तेवढ्या पाठ आहेत.

मग एका बुधवारी ओंदिना क्रावोस आली,
बंदराच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त, वय बासष्ट,
खांद्यापर्यंत डब्यातला काळा, घरच्या बेसिनवर लावलेला.
पर्समधून फोटो काढला: तोच चेहरा, डोकं शुभ्र.
जुळी बहीण. मेलबर्नला गेली तेव्हा दोघी वीसच्या.
"शनिवारी येतेय. मला हिच्यासारखं करा."

मी कड्याकडे बघितलं. मला वाटलं, दहा.
नेरीनानं मानेजवळची काडीएवढी बट घेतली,
निळसर पूड कालवली, फॉइलमध्ये गुंडाळली,
आणि आम्ही तिघी चाळीस मिनिटं
कॉफीबद्दल बोललो.

बट उघडली तेव्हा मुळाशी कापूस,
मग गंजाचा एक पट्टा, मग दुसरा, अधिक गडद.
"हा इथे," ओंदिना बोट न लावता म्हणाली,
"हा मार्योला पुरलं त्या आठवड्यातला. दोनदा लावला होता."
टोक भिजल्या शेवईसारखं ताणलं गेलं
आणि परत आलंच नाही.

"शनिवारी नाही," नेरीना म्हणाली.
"डोकं तुझं आहे, पण नाही.
वरून दुसरा रंग लावून हा निघायचा नाही,
आणि जो काढतो तो केसालाही घेऊन जातो.
वर्षभर दर दोन महिन्यांनी ये. थोडंथोडं कापू."
गल्ल्यात तेव्हा फारसे पैसे नव्हते, मला माहीत होतं.
ओंदिनानं रुमाल बांधला,
गाठ दोनदा सुटली,
आणि ती गेली. दाराची घंटा बराच वेळ हलत होती,
वाऱ्यानंच असेल.

मंगळवारी दोघी आल्या.
बहिणीचं पांढरं जवळून बघितलं तर पिवळट,
जुन्या पियानोच्या पट्ट्यांसारखं. "तिकडचं ऊन," ती म्हणाली,
आणि तिची बोली चाळीस वर्षांपूर्वीची,
आता इथे कुणीच बोलत नाही अशी.
आरशासमोर शेजारी बसल्या.
ओंदिनानं रुमाल सोडला.
बहीण हसली नाही. तिनं त्या काळ्याच्या सुरुवातीला,
भांगाजवळ, नखभर उगवलेल्या पांढऱ्यावर बोट ठेवलं
आणि ठेवूनच राहिली.

मी कडं नेऊन दोघींच्या मुळांशी धरलं.
दोघींचं एकच होतं.
कड्यात त्याला आकडा नव्हता.

नेरीनानं वाटीत जांभळा कालवला, अगदी थोडा,
आणि ब्रश माझ्या हातात दिला.
"आधी हिची. पाच मिनिटं," ती म्हणाली.
"घड्याळाकडे कशाला बघतेस? केस बघ."