दीड बोट

मंगळवारी, तळोधीच्या बाजारात,
माझ्या ताडपत्रीखाली पोर्णिमा कोवे खोकं घेऊन आली.
खोक्यावर मनालीचा पत्ता. आत
दोन निळ्या बादल्या, चार-चार कड्यांच्या.
"काका, हे बर्फावरचे बूट. घसरायचे."
घसरायचे बूट मी पहिल्यांदाच पाहत होतो;
न घसरणारे विकण्यात पस्तीस वर्षं गेली.

वैशाखाचं ऊन ताडपत्रीतूनही टोचत होतं.
तिच्या बोटांना अजून तेंदूपत्त्याचा वास,
दोन हंगामांची मजुरी त्या खोक्यात.
पुसात जायचं तिला काश्मीरकडे, एनसीसीतून,
एकवीस दिवस.
बूट तिथं भाड्यानं मिळतात, पण सगळे
"रुंद पायवाल्याईचे."

तिचा पाय मला ठाऊक.
लांब, अरुंद, वरून बसका,
लाखोळीच्या शेंगेसारखा चपटा.
आईचाही असाच होता. सगुणा
चपलेला मागून सुतळी बांधून बांधीवर जायची.
किती पट्टे आवळले मी तिचे,
टाच उचलायचीच.
चूक चपलेची नव्हती, माझी होती:
"एक नंबर मोठा घे माय, पाय वाढते."
तिचे काही वाढले नाहीत.

पोर्णिमानं बूट चढवले, उठली,
गाळात रुतलेल्या बगळ्यासारखी चार पावलं चालली.
तानबाजी शेळीचा भाव सोडून बघत राहिला.
"नांगर कुठी हाये वो याचा?"
ती हसली. "बरोबर बसला, काका.
कुठीच टोचत नाही."
तिथंच मला शंका आली.

आतलं मऊ अस्तर उपसून काढलं.
नुसत्या कवचात तिचा पाय. अंगठा समोर टेकव, म्हटलं,
आणि टाचेमागे बोटं घातली.
एक. दोन.
तिसरंही पेरापर्यंत गेलं.

मग तिनं घडी घातलेला कागद काढला,
मॅडमनं लिहून दिलेला:
लांबी साडेतेवीस, रुंदी शहाऐंशी मिलिमीटर,
मागे दीड बोट, मोजा पातळ, एकच.
मला वाचायला चष्मा लागला,
समजायला नाही लागला.
एवढं बारकं कालबूत माझ्याकडे कधीच नव्हतं.

"कड्या जोरानं आवळते ना मी."
आवळशील. वरची शीर दबेल, बोटं बधिर होतील,
टाच तरी आत नाचेल.
"मग गादी टाकून द्या."
गादी होती. नमदा होता, बूच होतं,
पन्नास रुपये होते.
नाही टाकली.
"परत घेते का तो, विचार."

ती खोक्यावरच बसून राहिली.
गोळेवाल्या शेषरावनं न मागता
भुसा लागलेला बर्फाचा तुकडा तिच्या हातात दिला.
तिनं तो घोट्यावर धरला,
पाणी होऊन सगळा संपेपर्यंत.

जायच्या आधी तिला वहीवर उभं केलं,
पेन्सिल फिरवली.
पान उधारीचं निघालं:
डाव्या पायाच्या कमानीत
तानबाजीचे ऐंशी रुपये.

पोळा झाला, दसरा झाला, मग दुसरा जोड आला.
काळा, ओरखडलेला, कुणाच्या तरी पायातून उतरलेला.
एक बोट. आणि अर्धं.
अस्तर घातलं, कड्या लावल्या,
हलक्या हातानं, दुसऱ्याच खाचेत.
तिनं तोंड वाकडं केलं.
"लहान हाये. अंगठा टेकते."
गुडघे वाकव, म्हटलं. मलाही कुठं माहीत होतं,
कागदावर शेवटी तेवढंच होतं.
तिनं वाकवले.
थोडा वेळ काही बोलली नाही.
"सुटला," म्हणाली. "मागं गेला पाय."
टाच दाबून पाहिली मी. हलली नाही.

"मग तिथं सरळ उभी राहू नको जास्त,"
एवढंच सुचलं सांगायला.

ते पान अजून वहीत आहे.
फाडून तिला देणार होतो,
पण तानबाजीचे ऐंशी यायचे आहेत.