सेलूतले अकरा सेट

स्टेशन रोडला माझं दुकान, दहा बाय बारा.
त्या रात्री दुरुस्तीला आलेले अकरा सेट
एकाच चॅनेलवर लावून बसलो.
शटर अर्धं वर, बाहेर भेळेचा गाडा
आणि गाड्यापाशी सहा-सात जण, फुकटात बघणारे.
पुरस्कार सोहळा, मुंबईचा.
यादीत आपल्या विशाखाचं नाव होतं.

विशाखा ढवळे.
हजेरी घेताना सर तिच्या नावापाशी थांबायचे,
"ढवळे?" म्हणत चष्म्यावरून बघायचे,
आणि वर्ग हसायचा.
मीही हसायचो, तिसऱ्या बाकावर.

वाण नाही पण गुण लागला,
अशी म्हण आहे आपल्यात.
ती बैलांची आहे.
बैलांचा गुण तरी विचारतात लोक.

नववीत ती नाटकात दुष्काळ झाली होती,
नुसती चालत आली आणि पुढची रांग मागं सरकली.
पहिला नंबर आला.
ढाल घ्यायला स्टेजवर पाठवली
डॉक्टरांची मुलगी,
फोटो चांगला येतो म्हणून.

आता मालिकेत ती मोलकरीण आहे, चार वर्षं झाली.
नायिका काळी आहे गोष्टीत, म्हणून सासू छळते,
पण काम करणारी गोरीपान;
तिला रोज रंग फासतात, मानेपर्यंत, कोपरापर्यंत.
दिवाळीत विशाखा सांगत होती,
पहिल्या दिवशी मेकअपवाल्यानं माझा हात धरला,
बल्बखाली नेला
आणि मनगटाशी लावून लावून तिची शेड जुळवली.
"रंगाच्या दुकानात कार्ड असतंय बघ," म्हणाली, "तसं."

एका भागात तिचं लेकरू जातं
आणि ती चार मिनिटं भांडी घासते.
बोलत नाही, रडत नाही,
एकच पातेलं परत परत.
माझ्या हातात सोल्डरिंग तसंच राहिलं,
टेबलाला डाग पडला. आहे अजून.

त्यासाठीच नाव होतं यादीत.
पाकीट फुटायच्या आधी कॅमेरा फिरला,
विशाखा अकरा ठिकाणी दिसली:
एकात हिरवट, एकात निळी,
एकात कपाळावरून आडवी रेघ,
शाळेच्या जुन्या सेटवर राखाडी.
पण दिवे सगळे गोऱ्यांच्या हिशेबानं लावलेले,
तिचे झुमके दिसले, दात दिसले.
बाहेरून कुणी ओरडलं,
"पिक्चर काळं यायलंय, ब्राइटनेस वाढव की!"
वाढवला.
मागची भिंत पांढरीफटक झाली,
तिचा चेहरा काही वर आला नाही.

दोन सेकंद.
मग दुसरंच नाव.

शेवटी नायिका आली, रंग धुतलेली, लखलखीत.
बाहुली छातीशी धरून रडली,
"रोज दोन तास मेकअप. सोपं नव्हतं
काळं होणं."
सभागृह उठून उभं राहिलं.
आमच्या भेळवाल्यानंही टाळ्या वाजवल्या,
हाताला चिंच लागलेली.

दीड वाजता फोन आला.
"दिसले का रे?"
"दिसलीस की."
"कोणत्या रंगाची?"
सांगितलं, एकात हिरवी, एकात निळी.
खूप वेळ हसली. मग म्हणाली,
"वर्गात तू पण हसायचास. आवाज ओळखायचे मी.
झोप आता, उद्या सातची शिफ्ट आहे मला."

सकाळी अकराही सेटचा ब्राइटनेस
होता तिथं आणून ठेवला.
तोष्णीवाल काका सेट न्यायला आले,
चालू करून बघितला,
"काळंच यायलंय अजून," म्हणाले.
सेटमध्ये बिघाड नाही, मी म्हणालो,
आणि पैसे घेतले नाहीत.

घ्यायला पाहिजे होते, असं आता वाटतं.