चौदावी जागा

मॅकल्सफील्डच्या लॅबमध्ये तळमजल्यावर तीन कपाटं आहेत,
माणूस आत उभा राहील एवढी.
पहिल्यात पाच अंश, दुसऱ्यात पंचवीस,
तिसऱ्यात चाळीस, आणि हवा पंचाहत्तर टक्के दमट.
तिसऱ्याला मी मनात राजापूर म्हणते.
दार उघडलं की चष्म्यावर वाफ धरते.

बाहेर फेब्रुवारी. बोलिन नदीवर धुकं,
पलीकडे रेशमाच्या गिरणीत आता फ्लॅट झालेत.
ग्वेनची खापरपणजी तिथे तुटले धागे सांधायची.
ग्वेन म्हणते, रेशीम म्हणजे तरी काय,
आपलंच काम, अमिनो आम्लांची माळ.
फक्त ती टिकते.
तिच्या ट्रंकेत एक रुमाल आहे, माझ्या बॅगेत आजोबांचा मुकटा.
दोन्हींना कसर लागलीय, पण माळ शाबूत.

आमची माळ एकतीस मण्यांची.
नाव नाही, नुसता नंबर.
साडेचार पीएचला सुखाने विरघळते,
सहाच्या पुढे गढूळ.
धन-ऋणाचा हिशोब जिथे शून्यावर येतो
नेमकं तिथेच पाणी तिचा हात सोडतं.

आज सहावा महिना.
कुपी आधी काळ्या पाटीसमोर धरायची, मग पांढऱ्या,
आणि लिहायचं:
स्वच्छ. रंगहीन. कण नाहीत.
हे मी दर वेळी लिहिलंय. खोटं नव्हतं.

मग यंत्र. सव्वीस मिनिटं.
शिखर उंच आलं, आणि त्याला
डावीकडे एक खांदा,
सदऱ्यात हँगर राहून गेल्यासारखा.

चौदाव्या जागी ॲस्परजीन, शेजारी ग्लायसीन,
ज्याला ना फांदी, ना कोपर.
अडवणारं कुणी नसलं की कणा वळतो,
स्वतःचीच बाजू धरतो,
क्षणभर कडं होतं,
अमोनियाचा एवढासा उसासा सुटतो,
आणि कडं उघडतं ते बहुतेकदा भलत्याच अंगाने.
वजनात फरक एका डाल्टनचा, तोही पुरता नाही.
एक ऋणभार मात्र जास्तीचा.

"ओ, लव्ह," म्हणत ग्वेनने चहा ठेवला.

गेल्या खेपेला ठाण्यात मेघश्याममामा म्हणाले,
एकोणीस वर्षं झाली, पण होतीस तश्शी आहेस.
हाताला धरून खिडकीशी नेलं,
मान तिरकी करून उजेडात पाहिलं.
स्वच्छ. रंगहीन. कण नाहीत.

मंगळवारी मीटिंग झाली, अकरा मिनिटांत.
डॉक्टर पेनहॅलिगन म्हणाले,
चौदाव्या जागी ग्लुटामीन घालून बघू.
फांदी एका कार्बनने लांब, बाकी सख्खी बहीण.
तेवढ्या लांबीनेच वळायला जड जातं म्हणे.
नवा नंबर मिळाला. महिना शून्य.

जुन्या कुप्या पहिल्या कपाटातून मी काढल्या,
बाराव्या महिन्याच्या, अठराव्या, चोविसाव्या,
लेबलांवर माझ्याच अक्षरात
पुढल्या वर्षीच्या तारखा.
पिवळ्या पिंपात त्यांचा आवाज झाला
बांगड्यांच्या दुकानात होतो तसा.

मग राजापूर. तिथे उरलं होतं
ते फक्त एक रिकामं ट्रे.
तरी दार धरून उभी राहिले.
चष्मा भरून गेला, पुसला नाही.
सदतीस पूर्णांक नऊला अलार्म वाजला.

नोंदवहीत कारणाचा रकाना असतो.
लिहिलं: दार उघडं राहिलं.